किहीमचा पावसाळा आणि सुगरणीचे गुपित

मृगाच्या सरी कोसळून गेल्या, की मराठवाड्यातील विहिरींवर झुकलेल्या बाभळींना सुगरणीचे खोपे लटकू लागतात. सोलापूर-हैदराबाद मार्गावरील अणदूरच्या शेतकऱ्याला या पक्ष्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. शहरी वाचकाला ती ओळख बहिणाबाई चौधरींच्या कवितेने करून दिली. मात्र पक्ष्याचे स्त्रीलिंगी नाव आणि कवितेतील माउली या दोहोंमुळे खोप्याचे सारे श्रेय आपण मादीला देऊन मोकळे झालो. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. या संसारात नराचा वाटा कोणता आणि मादीचा कोणता, हे प्रथम नीट उलगडून दाखविले ते डॉ. सलीम अली यांनी. तेही एखाद्या मोठ्या मोहिमेवर असताना नव्हे, तर नोकरी गेलेल्या अवस्थेत, घराजवळ बसून.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या सलीम यांच्या डोक्यावरील आई-वडिलांचे छत्र अगदी लहानपणीच हरपले. वडील गेले तेव्हा ते वर्षाचे होते, आई गेली तेव्हा तीन वर्षांचे. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या भावंडांचा सांभाळ केला. घरात शिकारीचा छंद होता. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला आणि ती कोणती, हे विचारण्यासाठी हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दारात उभा राहिला. संस्थेचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, पेंढा भरून ठेवलेले पक्षी दाखविले आणि वाचायला पुस्तके दिली. ही कथा सर्वश्रुत आहे.

त्याच काळातील दुसरी एक नोंद त्या मानाने कमी परिचित आहे. घोड्यांच्या तबेल्यातील भिंतीच्या भोकात चिमणीने घरटे केले होते. मादी आत अंडी उबवीत असे आणि नर बाहेरच्या खिळ्यावर राखण करीत बसे. दहा-अकरा वर्षांच्या सलीमने दडून तो नर टिपला. थोड्याच वेळात मादीला दुसरा जोडीदार मिळाला. त्यालाही टिपले, तर तिसरा हजर. अशा रीतीने सात दिवसांत आठ नर मारले गेले. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. तरीही प्रत्येक वेळी काय घडले, याची नोंद त्या पोराने वहीत करून ठेवली होती. घरट्याशी नर-मादी कसे वागतात, हे कुतूहल तेव्हापासूनचे. बंदूक बाजूला ठेवूनही ते शमविता येते, हे कळायला मात्र पुढची वीस-बावीस वर्षे जावी लागली.

ती वर्षे स्थैर्याची नव्हती. ब्रह्मदेशातील तवाय येथे कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. तेथे ते गेले खरे, पण लक्ष धंद्यापेक्षा रानातील पाखरांकडेच अधिक राहिले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला. पक्षिशास्त्रज्ञाच्या सरकारी पदासाठी प्रयत्न केला, पण विद्यापीठाची पदवी नसल्याने ते मिळाले नाही. अखेर १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या निसर्ग विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नेमणूक झाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली ते शास्त्रशुद्ध अभ्यास शिकले. १९३० मध्ये परतले, तेव्हा संग्रहालयातील पद पैशाअभावी रद्द झाले होते. वय तेहतीस, हाती पदवी नाही, मिळकत नाही. मुंबईचा खर्च झेपणारा नव्हता. तेव्हा या दांपत्याने अलिबागजवळच्या किहीम या किनाऱ्यावरील गावी मुक्काम हलविला.

त्या पावसाळ्यात घराजवळच सुगरणींची वसाहत भरली होती. सलीम अलींकडे दुसरे काही नसले तरी वेळ भरपूर होता. कोणता खोपा कोठवर आला, मादी कधी आली, कोणत्या खोप्यात शिरली, नर पुढे काय करतो, याच्या नोंदी दिवसामागून दिवस होऊ लागल्या. एरवी चिमणीसारखा दिसणारा हा नर विणीच्या हंगामात पिवळी टोपी आणि काळपट मुखवटा धारण करतो. गवताच्या आणि भाताच्या पात्यांच्या चिंध्या चोचीने सोलून तो त्या फांदीला गाठवतो. आधी कडे तयार होते, मग उलट्या टोपीसारखा अर्धवट खोपा. येथे काम थांबते, कारण आता परीक्षा असते. माद्यांचा थवा येतो. माद्या खोप्यांत शिरून आतून तपासणी करतात. खोपा पसंत पडला तरच मीलन होते आणि मगच नर अंड्यांची जागा बंद करून खाली लांब नळी विणतो. नापसंत खोपे तसेच अर्धवट लोंबत राहतात.

यानंतरची गोष्ट कवितेतल्या संसाराला धक्का देणारी आहे. मादी दोन ते चार पांढरी अंडी घालते आणि सुमारे पंधरा दिवस ती एकटीच उबवते. पिलांना किडे भरविण्याचा भारही मुख्यतः तिच्याच शिरावर असतो. नर एव्हाना जवळच्या फांदीवर नवा खोपा विणू लागलेला असतो, नव्या मादीसाठी. एका हंगामात एकामागून एक असे त्याचे अनेक संसार होतात. म्हणजे विणकर नर असला, तरी घर पारखणारी आणि पिले वाढविणारी मादीच. सुगरण हे नाव विणकामापुरते चुकले असले, तरी संसारापुरते ते अगदीच चुकले असे म्हणता येणार नाही. हा अभ्यास सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सलीम अलींचे नाव अभ्यासकांत झाले. पुढे व्ही. सी. आंबेडकर यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सुगरणीचा अभ्यास विस्ताराने केला.

किहीमनंतर त्यांनी संस्थानांतील पक्ष्यांच्या पाहणीची योजना मांडली. मानधन नको, केवळ प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्यावा, एवढीच त्यांची अट होती. पहिली मोठी पाहणी १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानात झाली. अणदूरसह आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. पाठोपाठ त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, इंदूर अशी संस्थाने आली. तंबूतील या खडतर जीवनात तेहमिना यांची साथ मोलाची होती. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. या आघातानंतर सलीम अली बहीण कम्मू यांच्या घरी राहू लागले. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक आले आणि सामान्य माणसाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन पडले.

पुढची कीर्ती ठाऊक असलेलीच आहे. डिलन रिप्ले यांच्यासह सिद्ध केलेला भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ, १९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, गेटी पारितोषिक आणि त्या रकमेतून उभा राहिलेला निसर्ग संवर्धन निधी. माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. मान मोराला मिळाला. उघड्या माळावर एकच अंडे घालणारा माळढोक, ज्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगरच्या माळरानावर अभयारण्य झाले, तो आज महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. १९८५ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, राज्यसभेवर नियुक्ती झाली. १९८७ मध्ये वयाच्या नव्वदीत मुंबईत त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर या दोन जन्मदिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्या सुमारास सुगरणींची वीण आटोपलेली असते, पण रिकामे खोपे बाभळींवर झुलत असतात. अणदूरच्या शिवारातून जाणाऱ्याने थोडे थांबून ते पाहावेत. लांब नळी असलेल्या खोप्यात बहुधा पिले वाढून उडून गेली. उलट्या टोपीसारखा अर्धवट राहिलेला, तो मादीने नाकारलेला. हे वाचण्यासाठी दुर्बीण लागत नाही, पदवी लागत नाही. विहिरीवरची बाभूळ तेवढी उभी राहायला हवी.