सोयरीक आणि निष्ठा

शासनाची गुपिते ज्याच्या हाती सोपवायची, त्याचे आप्त परदेशी असणे हा दोष मानावा काय? या प्रश्नाची जबर किंमत एकदा ब्रिटिश आरमाराच्या प्रमुखालाच मोजावी लागली. प्रिन्स लुई ऑफ बॅटनबर्ग हे त्यांचे नाव. भारताचे अखेरचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन हे त्यांचे धाकटे चिरंजीव.

१८५४ साली ऑस्ट्रियातील ग्राझ येथे एका जर्मन राजकुळात लुई जन्मले. चौदाव्या वर्षी ब्रिटिश प्रजाजन होऊन ते आरमारात दाखल झाले. १९०२ ते १९०५ या काळात आरमाराचा गुप्तवार्ता विभाग त्यांच्याकडे होता, आणि १९१२ च्या डिसेंबरात ते आरमाराच्या सर्वोच्च पदावर, फर्स्ट सी लॉर्ड म्हणून, आरूढ झाले. जुलै १९१४ मध्ये सरावासाठी एकत्र आलेल्या युद्धनौका पांगू न देण्याचा निर्णय त्यांनी घेतला, म्हणूनच युद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश आरमार सज्ज होते.

परंतु त्यांची एक मेहुणी कैसरच्या भावाची, प्रिन्स हाइनरिश यांची पत्नी होती. हे साडू जर्मन आरमारात ॲडमिरल होते. दुसरी मेहुणी मित्रराष्ट्र रशियाची सम्राज्ञी होती; ते नाते मात्र कोणी जमेस धरले नाही. २२ सप्टेंबर १९१४ रोजी एका जर्मन पाणबुडीने तीन ब्रिटिश क्रूझर बुडविल्या आणि चौदाशेहून अधिक नौसैनिक प्राणास मुकले. वृत्तपत्रांतील कुजबुजीला धार चढली. २७ ऑक्टोबरला लुईंचा पुतण्या मॉरिस ब्रिटनसाठी लढताना ईप्र येथे धारातीर्थी पडला; दुसऱ्याच दिवशी लुईंनी राजीनामा लिहिला.

या संशयाने राष्ट्राने काय मिळविले? लुईंकडून एकही गुपित फुटल्याचे कधी सिद्ध झाले नाही. त्यांच्या जागी आलेले त्र्याहत्तर वर्षांचे फिशर डार्डनेल्सच्या वादात मे १९१५ मध्ये पद सोडून गेले. १९१७ मध्ये लुईंनी जर्मन पदव्या टाकून माउंटबॅटन हे आडनाव घेतले आणि १९२१ मध्ये ते निवर्तले. १९५५ मध्ये त्याच पदावर त्यांचे चिरंजीव बसले. वंश तोच होता. बदलला होता तो काळ.

याचा अर्थ चौकशीच नको, असा नव्हे. शत्रुराष्ट्रातील आप्तांच्या द्वारे अधिकाऱ्यावर दडपण आणता येते, हे खरेच आहे. आपल्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ नुसार परकीय नागरिकाशी विवाह केल्यास तो शासनाला त्वरित कळवावा लागतो. २०१७ पासून लागू असलेली अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वेही नात्याचे स्वरूप, तो देश आणि दडपणाची शक्यता पाहण्यास सांगतात. हाच न्याय्य मार्ग होय. नाते लपविले काय आणि त्यातून दडपण संभवते काय, एवढेच शासनाने तपासावे. लुईंचे साडू कोण, हे तर साऱ्या युरोपला ठाऊक होते. सोयरिकीवरून निष्ठेचे माप काढणारे राष्ट्र आपलीच कर्तबगार माणसे गमावून बसते.