वाकड्या दातांचे वैद्य : एडवर्ड अँगल

दातांना तार लावलेली मुले चेन्नईच्या नुंगंबाक्कम भागात काय किंवा मुंबई-पुण्यात काय, आज सहज दिसतात. वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या या विद्येला दंतवैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून उभे करण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेतील एडवर्ड हार्टली अँगल यांना दिले जाते.

अँगल यांचा जन्म १ जून १८५५ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. १८७८ साली ते दंतवैद्य झाले. पुढे मोंटाना येथे त्यांनी मेंढीपालन करून पाहिले. परंतु कडाक्याच्या हिवाळ्याने तो व्यवसाय बुडाला व ते पुन्हा दंतवैद्यकाकडे वळले.

त्या काळी वाकड्या दातांवर ज्याला जसे सुचेल तसा उपचार होई. १८९९ साली अँगल यांनी वरची व खालची पहिली कायमची दाढ एकमेकींवर कशी बसते, हे पाहून दंतदोषांचे तीन वर्ग पाडले. ही वर्गवारी आजही वापरात आहे. १९०० साली सेंट लुई येथे त्यांनी केवळ याच विषयाची शाळा काढली.

दातावर मंद, सतत दाब पडला की एका बाजूचे हाड विरते, दुसऱ्या बाजूस नवे तयार होते आणि दात हळूहळू सरकतो. गोल तारेने मात्र दाताचा माथा तेवढा कलत असे. मुळावर ताबा राहत नसे. वयाच्या सत्तरीत, १९२५ च्या सुमारास, अँगल यांनी आयताकृती खाचेत बसणारी आयताकृती तार योजली. तिच्यामुळे मूळही हवे तसे वळवता येऊ लागले. त्या खाचेची उंची इंचाच्या हजार भागांपैकी बावीस भाग होती. हे माप अजून प्रचलित आहे.

अँगल यांचा स्वभाव हट्टी होता. एकही दात न उपटता सर्व दात ओळीत आणलेच पाहिजेत, असा त्यांचा आग्रह असे. कॅल्विन केस यांनी या मताला विरोध केला, तेव्हा १९११ साली मोठा वाद माजला. अँगल यांच्या बाजूचे मत पुढे बराच काळ प्रभावी राहिले. ११ ऑगस्ट १९३० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर त्यांचेच निष्ठावान शिष्य चार्ल्स ट्वीड यांना आपल्या काही रुग्णांचे दात पुढे आलेले व पुन्हा वाकडे झालेले आढळले. त्यांनी चार उपदाढा काढून त्या रुग्णांवर नव्याने उपचार केले. तार मात्र गुरूंचीच वापरली. आता दात काढायचे की राखायचे, हे प्रत्येक रुग्णाचा जबडा व चेहरा तपासून ठरवतात.