नाकारलेले हात : मेरी सीकोल यांचे जीवन

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. त्याचा संघाला काही उपयोग नाही, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागत तेथे आले. त्यांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याचे अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला उचलले व मंचकावर निजविले. रुग्णसेवा हा धम्माचाच भाग आहे, हे त्या दिवशी संघाला उपदेशाआधी कृतीतून समजले.

या प्रसंगाशेजारी दुसरा एक प्रसंग ठेवावा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची १९२९ सालची हकिकत नोंदविली आहे. त्याची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईनात. नाइलाजाने आले, तेही रुग्णाला वस्तीबाहेरच तपासणार या अटीवर. तापमापक यंत्र त्यांनी एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने ते पतीच्या हाती दिले आणि त्याच वाटेने ते परत गेले. ती बाळंतीण वाचली नाही.

तेथे रुग्णाला स्पर्श नाकारला गेला. परंतु सेवेसाठी पुढे आलेले हातच त्यांच्या कातडीच्या रंगामुळे नाकारले गेले, तर? मेरी सीकोल यांचे चरित्र हे या प्रश्नाचे उत्तर आहे.

मेरी जेन ग्रँट यांचा जन्म १८०५ साली जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात झाला. वडील स्कॉटिश सैनिक होते. आई मिश्रवंशीय, स्वतंत्र स्त्री होती. जमैकातील उसाचे मळे त्या काळी गुलामांच्या श्रमावर चालत. गुलामगिरी कायद्याने संपण्यास १८३४ साल उजाडावे लागले आणि प्रत्यक्ष मुक्ती १८३८ मध्ये मिळाली. मेरी गुलाम नव्हत्या, पण मिश्रवंशीयांना गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क नव्हते. आई किंग्स्टनमध्ये एक निवासगृह चालवीत असे. आजारी सैनिक व त्यांचे कुटुंबीय तेथे उपचारासाठी उतरत. झाडपाल्याची औषधे आणि शुश्रूषा यांत ती निष्णात होती. मेरीचे पहिले विद्यालय तेच. ती प्रथम बाहुलीवर उपचार करी, मग कुत्र्या-मांजरांवर आणि शेवटी स्वतःवर. तारुण्यात ती लंडनला गेली, तेव्हा तिच्याहून अधिक काळ्या असलेल्या सोबतिणीची रस्त्यावरची पोरे टिंगल करीत. ती आठवण तिच्या मनातून कधीच गेली नाही.

१८३६ मध्ये एडविन सीकोल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८४३ च्या आगीत निवासगृह जळाले, १८४४ मध्ये पती वारले आणि त्यामागोमाग आईही गेली. मेरीबाईंनी शोक आवरून घर पुन्हा उभारले. १८५० साली जमैकात पटकीची साथ आली आणि तिने सुमारे तीस हजारांहून अधिक माणसांचा बळी घेतला. या साथीत त्यांनी रोगाचे जवळून निरीक्षण केले.

पुढच्या वर्षी त्या पनामातील क्रूसेस या गावी भावाकडे गेल्या. तेथेही पटकी उद्भवली. गावात जाणता वैद्य नव्हता. मेरीबाई रात्रंदिवस घरोघर फिरल्या. ज्याच्याजवळ पैसे होते त्याच्याकडून घेतले, ज्याच्याजवळ नव्हते त्याच्यावर तसेच उपचार केले. एक अनाथ तान्हे मूल त्यांच्या हातात गेले, तेव्हा रोगाचे स्वरूप समजावे म्हणून त्यांनी त्याचे शवविच्छेदनही केले. त्यांची सर्वच औषधे आजच्या विज्ञानाच्या कसोटीला उतरणार नाहीत. शिसे आणि पारा यांची संयुगे त्या काळचे पदवीधर डॉक्टरही देत. पण रुग्णाला ऊब, स्वच्छता, पाणी आणि जवळ बसलेले माणूस त्यांनी दिले.

पनामातच एका मेजवानीत एका गोऱ्या अमेरिकनाने त्यांच्या सेवेबद्दल आभाराचे भाषण केले. त्याने त्यांची तोंडभर स्तुती केली. पण त्या पूर्ण गोऱ्या नाहीत याचे दुःखही व्यक्त केले आणि त्यांची कातडी धुऊन गोरी करता आली असती तर बरे झाले असते, असे सुचविले. मेरीबाई गप्प बसल्या नाहीत. आपला रंग याहून गडद असता तरी आपल्याला त्यात सुखच वाटले असते, हे त्यांनी भर मेजवानीत ऐकविले. उपकार मान्य करायचा पण उपकार करणाऱ्याचे माणूसपण मान्य करायचे नाही, अशी ही कृतज्ञता होती. आपल्या समाजाला ती अपरिचित नाही.

१८५४ मध्ये क्रिमियाचे युद्ध भरात होते. ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान एका बाजूला, रशिया दुसऱ्या बाजूला. गोळ्यांपेक्षा रोगांनीच अधिक सैनिक मरत होते. जमैकात ओळखीच्या झालेल्या पलटणी तेथे आहेत हे कळताच मेरीबाई लंडनला आल्या. युद्ध खात्याकडे, सैन्याच्या वैद्यकीय विभागाकडे, परिचारिकांची निवड करणाऱ्यांकडे, निधी समितीकडे त्यांनी अर्ज केले. सर्वत्र नकार मिळाला. आपल्या रक्ताच्या रंगामुळे तर हे झाले नसेल, ही शंका मनात येऊन एका थंड संध्याकाळी त्या लंडनच्या रस्त्यावर उभ्या राहून रडल्या.

अश्रू पुसून त्यांनी स्वखर्चाने जाण्याचे ठरविले. पतीच्या नात्यातील एका व्यापाऱ्याची भागीदारी घेतली. वाटेत स्कुटारी येथे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची भेट झाली, तेथे एक रात्र काढून त्या पुढे निघाल्या. बालाक्लाव्हाच्या धक्क्यावर जहाजाची वाट पाहत पडलेल्या जखमींच्या पट्ट्या त्यांनी बदलल्या, त्यांना चहा पाजला. मग वाहून आलेली लाकडे, खोकी आणि लोखंडी पत्रे जमवून त्यांनी युद्धभूमीजवळ ‘ब्रिटिश हॉटेल’ उभारले. १८५५ च्या वसंतात ते सुरू झाले. तेथे खाद्यपदार्थ व वस्तू विकल्या जात आणि सकाळी आजारी सैनिकांची औषधासाठी रीघ लागे. व्यापार आणि सेवा त्यांनी एकत्र केली, हे लपविण्याचे कारण नाही. ज्यांना सरकारी वेतन नाकारले गेले, त्यांना सेवेसाठी स्वतःची भाकरी स्वतःच मिळवावी लागते.

१६ ऑगस्ट १८५५ रोजी चेर्नाया नदीकाठी लढाई झाली. पट्ट्या, सुया, दोरा, औषधे घेऊन मेरीबाई रणांगणात उतरल्या. त्यांनी मित्रसैन्याचे जखमी पाहिले, तसे शत्रूचेही पाहिले. एका रशियनाच्या जबड्यात गोळी रुतली होती. ती काढण्यासाठी त्यांनी तोंडात बोटे घातली; मरणवेदनेत त्याचे दात बोटावर मिटले. तो व्रण जन्मभर राहिला, पण त्याबद्दल त्यांच्या मनात राग नव्हता. दुसऱ्या एका घायाळ रशियनाने आपल्या बोटातील अंगठी काढून त्यांच्या हातात ठेवली, त्या हाताचे चुंबन घेतले आणि तो हसला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पनामातील लांबलचक भाषणाला जे साधले नाही, ते या मुक्या कृतीने साधले. ज्या हाताने त्याची जखम बांधली, तो हात त्याला जसा होता तसाच पूजनीय वाटला.

१८५६ मध्ये युद्ध संपले. दुकानात भरलेला माल कवडीमोलाने गेला आणि मेरीबाई दिवाळखोर होऊन लंडनला परतल्या. तेव्हा त्यांचे रुग्णच पुढे आले. वृत्तपत्रांनी त्यांची आठवण जागविली. जुलै १८५७ मध्ये त्यांच्या मदतीसाठी लंडनच्या रॉयल सरे गार्डन्समध्ये चार दिवसांचा मोठा समारंभ झाला आणि हजारो लोक लोटले. आयोजक कंपनीच बुडाल्याने त्यांच्या हाती अल्प रक्कम आली; पण जनतेने आपले ऋण जाहीरपणे मान्य केले होते. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास हिंदुस्थानातील उठावाची वार्ता आल्यावर येथे येऊन जखमींची शुश्रूषा करण्याची इच्छाही त्यांनी व्यक्त केली होती. ते घडले नाही. आल्या असत्या तर त्या साम्राज्याच्या सैन्यासोबतच आल्या असत्या, आणि त्यांच्या लेखनात इतर जमातींविषयीचे त्या काळचे पूर्वग्रहही आढळतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे विसरू नये. थोर व्यक्तींना दोषांसह समजून घेणे हाच त्यांचा खरा आदर होय.

१४ मे १८८१ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर जवळजवळ शतकभर जगाने त्यांना विसरून टाकले. त्यांची समाधी दुर्लक्षित पडली होती. १९७३ साली तिचा जीर्णोद्धार झाला, त्यात जमैकातून आलेल्या परिचारिकांचा पुढाकार होता. २००४ मध्ये ब्रिटनमधील लोकांनी मतदानाने त्यांना सर्वश्रेष्ठ कृष्णवर्णीय ब्रिटिश व्यक्ती ठरविले. ३० जून २०१६ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात लोकवर्गणीतून त्यांचा पुतळा उभा राहिला. नाइटिंगेल यांची परिचारिका प्रशाला याच रुग्णालयाशी निगडित होती. ज्या दारातून आत घेतले गेले नाही, त्याच दाराशी त्या आज ताठ मानेने उभ्या आहेत.

ही आठवण परत कोणी आणली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ती दरबाराने आणली नाही; त्याच वर्णाच्या, त्याच व्यवसायातील कष्टकरी स्त्रियांनी ती राखेतून उकरून काढली. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना प्राणार्पण करणाऱ्या सावित्रीमाईंची स्मृतीही आपण अशीच जतन केली आहे. ज्यांचा इतिहास इतर लिहीत नाहीत, त्यांना तो स्वतःच लिहावा लागतो.

आपल्या वसतिगृहातील अनेक मुली परिचारिकेचे शिक्षण घेण्याचे स्वप्न पाहतात. अपघात विभागात मध्यरात्री आणलेल्या रुग्णाला धीर देणारा पहिला हात उद्या त्यांच्यापैकी कोणाचा तरी असेल. त्या हाताने रुग्णाची जात विचारू नये. आणि त्या हाताची जात कोणी विचारली, तर मेरीबाईंप्रमाणे भर सभेत उत्तर द्यावे. रुग्णाच्या उशाशी बसताना मन करुणेने भरलेले असावे आणि मान मात्र झुकलेली नसावी.