आधी नळी, मग दुर्बीण!

मेकॅनिकलला असाल, तर जोसेफ व्हिटवर्थ हे नाव तुम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री नक्की घोकलं असेल. ‘व्हिटवर्थ क्विक रिटर्न मेकॅनिझम’, आकृती काढा, भागांची नावं द्या, मार्क घ्या. मेकॅनिकलला नसाल, तरी त्याची गाठ पडलेली असू शकते. जुन्या पंपाचा किंवा लेथचा बोल्ट घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा. मिलिमीटरचे आटे बसत नाहीत म्हटल्यावर दुकानदार इंची आट्यांचा डबा काढतो. त्यातले बरेच आटे याच माणसाच्या मापाचे.

पण त्याच्या आयुष्यातला सगळ्यात कामाचा धडा सिलॅबसमध्ये नाही. तो एका रायफलमध्ये आहे. एका वेळी एकच गोळी उडवणाऱ्या, ठासणीच्या रायफलमध्ये. नेम चुकतोय, मग आधी काय सुधारायचं? डोळ्यापुढची दुर्बीण, की आतली नळी? हा प्रश्न तेव्हाच्या शिकाऱ्यांचा होता, सैनिकांचा होता. नीट बघितलं तर तुमच्या प्रोजेक्टचाही आहे.

गिरणीतून पळालेला पोरगा

जोसेफचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. वडील शिक्षक आणि धर्मोपदेशक. काका कापड गिरणीवाले. पोराला काकाच्या गिरणीत चिकटवलं की आयुष्याची सोय झाली, असा घरचा हिशोब. जोसेफ गिरणीत गेला, पण त्याचं मन रमलं ते यंत्रांत. धंदा शिकायचा सोडून तो यंत्रं कशी चालतात हेच बघत बसायचा. काही वर्षांत तो तिथून सटकला आणि मँचेस्टरमध्ये साधा मेकॅनिक म्हणून कामाला लागला.

१८२५ मध्ये तो लंडनला गेला आणि हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात शिरला. मॉडस्ले म्हणजे त्या काळातलं यंत्रकामाचं विद्यापीठच. पुढे त्यानं जोसेफ क्लेमंट यांच्याकडेही काम केलं. चार्ल्स बॅबेज यांचं गणिती यंत्र तिथेच बनत होतं. १८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला आणि स्वतःचं वर्कशॉप टाकलं.

सपाट म्हणजे किती सपाट?

त्याला छळणारा पहिला प्रश्न ऐकून तुम्हाला हसू येईल. लोखंडाची प्लेट सपाट आहे हे ओळखायचं कसं? तेव्हा दोन प्लेटा एकमेकींवर घासून जुळवत. पण एक प्लेट किंचित खोलगट आणि दुसरी तेवढीच फुगीर असेल, तरी दोघी मस्त जुळतात! दोन्ही चुकीच्या, आणि दोन्ही पास.

व्हिटवर्थनं तिसरी प्लेट आणली. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी, तिसरी पुन्हा पहिलीशी. रंग लावून उंचवटे शोधायचे आणि तेवढेच खरवडायचे. तिन्ही आपसांत जुळल्या तरच त्या सपाट. ही कल्पना मॉडस्लेंच्या कारखान्यात रुजली होती. तिची शिस्त बसवून ती १८४० मध्ये ग्लासगोच्या विज्ञान परिषदेत मांडली व्हिटवर्थनं.

१८४१ मध्ये त्यानं आट्यांचा घोळ हातात घेतला. तोवर प्रत्येक कारखान्याचा स्क्रू वेगळा. यानं ठिकठिकाणचे स्क्रू गोळा केले, मापं घेतली, त्यातून सरासरी काढली आणि ५५ अंशांचा आटा ठरवून दिला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तर त्यानं इंचाच्या दहा लाखाव्या भागाचा फरक दाखवणारं यंत्र ठेवलं. ज्याला मोजता येतं त्यालाच सुधारता येतं, हे त्याचं सूत्र होतं.

सरकारनं यंत्रं मागितली, यानं प्रश्न विचारला

मग आलं क्रिमियाचं युद्ध. ब्रिटिश फौजेला एन्फिल्ड रायफली हव्या होत्या, भरपूर आणि लवकर. सरकारनं व्हिटवर्थला त्या बनवणारी यंत्रं तयार करायला सांगितलं. भलंमोठं कंत्राट होतं. दुसरा कोणी असता तर लगेच कामाला लागला असता. व्हिटवर्थचं म्हणणं वेगळंच होतं. एक एन्फिल्ड नीट लागते, दुसरी लागत नाही, आणि असं का होतं हे कुणालाच सांगता येत नाही. मग हजारोंनी कशाची नक्कल करायची? आधी चांगली नळी कशाला म्हणतात ते शोधू द्या.

सरकारनं ऐकलं. मँचेस्टरमधल्या त्याच्या घराच्या आवारात ५०० यार्ड, म्हणजे साधारण ४५७ मीटर लांबीची बंदिस्त गॅलरी उभी राहिली, वारा गोळीला धक्का देऊ नये म्हणून. ती एका वादळात कोसळली. पुन्हा बांधली. १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले. गोळीच्या वाटेवर ठरावीक अंतरानं पातळ कागदाचे पडदे लावायचे. कागदाला पडलेल्या भोकांवरून गोळी कुठे वळली, कुठे डगमगली, हे कळायचं.

सापडलं ते असं. एन्फिल्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच. आतला पीळ इतका संथ, की गोळीला एक पूर्ण फेरी घ्यायला ७८ इंच लागत. नळीच ३९ इंचांची, म्हणजे बाहेर पडेपर्यंत गोळी जेमतेम अर्धी फिरलेली. व्हिटवर्थनं गोळीचं वजन तेवढंच ठेवलं, पण नळी ०.४५१ इंचांवर आणली. गोळी बारीक झाली, म्हणून लांब झाली, आणि हवा कापत जाऊ लागली. पण लांब गोळी वाटेत कोलमडते. तिला सरळ ठेवायला जोरात फिरवावं लागतं, भोवऱ्यासारखं. म्हणून पीळ केला २० इंचांत एक फेरी. नळीचा छेद षटकोनी आणि गोळीही त्याच आकाराची, म्हणजे ती पिळावरून घसरणार नाही.

१८५७ मध्ये हाइथला दोन्ही रायफलींची चाचणी झाली. ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या सरासरी २.२४ फूट इकडेतिकडे जात होत्या. व्हिटवर्थच्या ०.३७ फूट. म्हणजे एकीकडे हातभराहून जास्त, दुसरीकडे वीतसुद्धा नाही. १४०० यार्डांवर एन्फिल्डचा हिशोब मांडण्यात अर्थच उरला नाही.

मग आली दुर्बीण

आता दुर्बिणीकडे येऊ. मुंबई फौजेत नोकरी करून स्कॉटलंडला परतलेला डेव्हिड डेव्हिडसन नावाचा अधिकारी रायफलीवर दुर्बीण बसवण्याच्या खटपटीत होता. त्याची पितळी दुर्बीण काही व्हिटवर्थ रायफलींवर चढली, तीही वर नाही, तर दस्त्याच्या डाव्या अंगाला. त्यामुळे माशीवरून नेम धरण्याची सोय शाबूत राहायची. दुर्बिणीतून लक्ष्य चारपट मोठं दिसायचं.

चारपट कमी वाटतं? पण दुर्बीण लक्ष्याबरोबर हाताची थरथरही मोठी करते, आणि दिसणारा भाग लहान करते. म्हणून जास्त ताकद म्हणजे जास्त नेम, असं गणित नाही. ती पक्की बसलेली हवी, नाहीतर प्रत्येक धक्क्याला तिची दिशा बदलणार. आणि डोळ्यापासून सुरक्षित अंतरावर हवी. हे अंतर कमी पडल्यानं लढाईनंतर नेमबाजांचे डोळे काळेनिळे झालेले असत, अशी आठवण नोंदलेली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फिजिक्स लॅबमध्ये तुम्ही दोन प्रकारच्या चुका शिकता. एक, दर वेळी त्याच दिशेला होणारी. दुसरी, दर वेळी वेगळी. पाच गोळ्या जवळजवळ एकाच जागी, पण मध्यापासून डावीकडे लागल्या, तर दुर्बिणीचा स्क्रू फिरवा, काम झालं. पण पाच गोळ्या पाच दिशांना गेल्या, तर जगातली सर्वांत महाग दुर्बीणही काही करू शकत नाही. ती फक्त तुम्ही चुकताय हे जास्त स्पष्ट दाखवेल. म्हणून एका गोळीवरून स्क्रू फिरवायचा नसतो. आधी झुपका बघायचा. झुपका घट्ट करते ती नळी, गोळी आणि दारूचं नेमकं माप. झुपका मध्यावर आणते ती दुर्बीण. हा क्रम उलटा चालत नाही.

२ जुलै १८६० ला विम्बल्डनच्या नेमबाजी संमेलनाचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियानं व्हिटवर्थ रायफलनं केलं. रायफल घट्ट अडकवलेली, राणीनं फक्त दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. माणसाचा हात बाजूला काढला की यंत्र खरं किती अचूक आहे ते कळतं.

नाकारलेली रायफल

इतकं सगळं होऊन फौजेनं ती रायफल घेतली नाही. एन्फिल्डपेक्षा कितीतरी महाग, नळी फार बारीक, आत दारूची काजळी पटकन साचते, अशी कारणं होती. काजळीची तक्रार खोटी नव्हती. चाचणीत साफ नळीनं लागणारा नेम रणांगणावर तसाच लागेल असं नाही. पण १८७१ मध्ये फौजेनं मार्टिनी-हेन्री ही रायफल स्वीकारली, तेव्हा तिची नळी ०.४५ इंचांची होती!

दरम्यान ती रायफल पोचली अमेरिकेच्या यादवी युद्धात, गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या हातात. मे १८६४ मध्ये स्पॉटसिल्व्हेनियाला उत्तरेचे जनरल जॉन सेजविक दुरून आलेल्या गोळीनं पडले. ती गोळी व्हिटवर्थची होती असं मानलं जातं. अचूकता कुणाची बाजू घेत नाही. ती कुणासाठी वापरायची, हे मायक्रोमीटर सांगत नाही. बनवणाऱ्यानं या प्रश्नापासून पळू नये, एवढं मात्र आपण यातून घ्यावं.

१८६८ मध्ये व्हिटवर्थनं तरुण इंजिनीअरांसाठी वर्षाला १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या सुरू केल्या. हातानं काम करणाऱ्याला थिअरी आणि थिअरीवाल्याला हातकाम यायला हवं, हा त्यामागचा आग्रह. २२ जानेवारी १८८७ ला माँटे कार्लोमध्ये तो वारला.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. पण एक गोळी, एक नेम हा खेळ जिवंत आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकचं ब्राँझ जिंकलं, त्या ५० मीटर प्रकारात दर वेळी एकच गोळी भरतात आणि दुर्बीण लावायला परवानगी नसते.

तेव्हा पुढच्या वेळी प्रोजेक्ट फसला आणि नवा सेन्सर, नवा लॅपटॉप, नवा कॅमेरा मागवावासा वाटला, तर आधी पाच वेळा तोच प्रयोग करून बघा. चूक दर वेळी एकाच बाजूला जातेय, की विखुरतेय? विखुरत असेल, तर पैसे खिशात ठेवा आणि नळी तपासा.