पडद्यामागचे दालन

संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात राजवाडा, उपवन, नगरातील रस्ता हे सारे रंगवलेल्या पडद्यावर असे. नट त्या पडद्यापुढे उभा राही आणि प्रेक्षक बाकीचे मनाने पूर्ण करी. हे चित्रित जग मोडून त्याच्या जागी माणसांना वावरता येईल असे दालन उभे करणारा कलावंत स्वतः पडदे रंगवणाराच होता, हा मोठा योगायोग म्हणावा लागेल. कोल्हापूरच्या बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांना महाराष्ट्र बाबूराव पेंटर या नावाने ओळखतो.

त्यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता त्यांनी चित्रकला, शिल्पकला आणि यंत्रांची उठाठेव आत्मसात केली. आतेमामे की चुलत, अशा नात्याच्या तपशिलात न शिरता एवढे सांगता येईल की आनंदराव पेंटर हे त्यांचे केवळ आप्त नव्हते, तर कलेतील जोडीदार होते. १९१० नंतरच्या काही वर्षांत या जोडीच्या पडद्यांना नाटक मंडळ्यांकडून मोठी मागणी होती. खोलीचा, कमानीचा, लांबवर जाणाऱ्या खांबांच्या रांगेचा भास सपाट कापडावर निर्माण करणे ही त्यांची खासियत होती.

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला आणि या दोघांनाही चित्रपटाचा ध्यास लागला. अडचण होती ती कॅमेऱ्याची. परदेशी यंत्र विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा ते स्वतःच बनवायचे ठरले. काम अर्धवट असताना १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते तडीस नेले. तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या भांडवलावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात ‘सैरंध्री’ झळकला. भीमाने केलेल्या कीचकवधाचे दृश्य इतके प्रत्ययकारी ठरले की सरकारने त्यावर कात्री चालवली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, ती याच चित्रपटानंतर.

त्यांच्या कार्याचा गाभा मात्र निराळा आहे. रंगमंचावर खपून जाणारा पडदा कॅमेऱ्यापुढे फसतो. वारा आला की रंगवलेली भिंत हलते, नटाची सावली चित्रातल्या खांबावर पडते आणि सारे खोटे उघडे होते. बाबूरावांनी म्हणून भरीव भिंती, खरे दरवाजे, चढता येतील अशा पायऱ्या उभ्या केल्या. पात्राने आत यावे, वळावे, खिडकीपाशी थांबावे इतकी जागा त्यांत असे. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला आणि सूर्याच्या मर्जीवर चालणारे चित्रीकरण रात्रीच्या प्रसंगांनाही कवेत घेऊ लागले. ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये तर राजवाड्याची गरजच उरली नाही. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची झोपडी दाखवायची होती, आणि त्या दारिद्र्याला शोभेचा स्पर्शही होऊ न देणे हेच खरे नेपथ्य होते. पौराणिक वैभवाच्या सजावटीपेक्षा या झोपडीची रचना अधिक धाडसाची होती, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही कंपनी कमी आणि कार्यशाळा अधिक होती. तेथे वर्ग नव्हते, प्रमाणपत्र नव्हते. वेशभूषेची, पात्रांच्या हालचालींची रेखाटने बाबूराव स्वतः काढीत आणि बाकीच्यांनी ती पाहून काम करावयाचे. ज्याने रंग कालवायचा त्यानेच प्रसंगी सुतारकाम करावे, कॅमेरा धरावा, वेळ आली तर तोंडाला रंग लावून उभे राहावे, अशी तेथील रीत. व्ही. शांताराम या घरात पडेल ते काम करीत शिरले, ‘सुरेखाहरण’ मध्ये कृष्ण झाले, ‘सावकारी पाश’ मध्ये शेतकरी झाले. साहेबमामा फत्तेलाल हे तर गुरूहून वयाने थोरले. कलेतला अधिकार वयाने ठरत नाही, हे त्या कार्यशाळेत कोणाला सांगावे लागत नव्हते.

अशा शिक्षणाला एक किंमत असते आणि ती बाबूरावांनी मोजली. सर्व कामे येणाऱ्या शिष्यांना गुरूची गरज उरत नाही. १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर बाहेर पडले. सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १ जून रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ज्या हातांवर कंपनी उभी होती तेच हात गेले. लवकरच बोलपट आला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचे दिवस सरले. १९३३ मध्ये पुण्यास गेलेल्या प्रभातच्या चित्रपटांतून मात्र कोल्हापूरची शिकवण ठळकपणे दिसत राहिली. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) मधील तुकोबांचे घर पाहावे. त्या घराचा साधेपणा ‘सावकारी पाश’च्या झोपडीशी नाते सांगतो. प्रभातच्या पुण्यातील जागेवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि तेथे कलादिग्दर्शनही शिकवले जाते.

बाबूरावांनी पुढे ‘उषा’ (१९३५), ‘प्रतिभा’ (१९३७) असे बोलपट केले, पण मूकपटांच्या काळातील तो दरारा पुन्हा लाभला नाही. ‘लोकशाहीर रामजोशी’ हा १९४७ चा चित्रपट त्यांनी सुरू केला आणि शिष्य शांताराम यांनी तो पूर्ण केला. मधल्या काळात ते कोल्हापुरात चित्रे आणि शिल्पे यांत रमलेले असत. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. त्यांनी उभारलेली दालने चित्रीकरण संपताच मोडली जात आणि ज्या फितींवर ती टिपली गेली त्यांपैकी बहुतेक आज उपलब्ध नाहीत. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) या चित्रपटाचे रंगवलेले भित्तिपत्रक मात्र अजून पाहावयास मिळते.