फरीदसाहेब सतारमेकर

फरीदसाहेब सतारमेकर (मूळ आडनाव शिकलगार) हे १९व्या शतकातील मिरज येथील तंतुवाद्य-निर्माते होते. मिरजेच्या सतार व तंबोरा निर्मितीचे ते आद्य कारागीर मानले जातात.

शिकलगार घराण्याचा व्यवसाय शस्त्रांना धार व झिलई देण्याचा होता. इंग्रजी अमलात शस्त्रांची मागणी आटली आणि उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला. पटवर्धन संस्थानिकांकडे येणाऱ्या कलावंतांची वाद्ये दुरुस्त करता करता फरीदसाहेबांनी सतारीची रचना आत्मसात केली व १८५० च्या सुमारास नवी वाद्ये घडविण्यास आरंभ केला, असे परंपरा सांगते.

पोलादाची पारख असलेल्या हातांना आता लाकूड पारखावे लागले. मिरजेत दांडी व तबलीसाठी तून वृक्षाचे लाकूड रूढ झाले. ते हलके, तासण्यास सोपे व नीट वाळविल्यास सहसा न वाकणारे असते. चंद्रपूरकडील साग टिकाऊपणात सरस, सतारीसाठी सागही वापरतात. परंतु तो वजनाने अधिक. तबली तारांचा कंप घोडीमार्फत घेऊन भोपळ्यातील हवेला देते, त्यामुळे तेथे हलकेपणा मोलाचा ठरतो. लाकूड ओले राहिल्यास दांडी वाकते, तारांची उंची बिघडते आणि पडद्यांवर सूर नीट लागत नाहीत. भोपळे पंढरपूर परिसरातून येत.

पुढे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाल्यावर येथील तंबोऱ्यांचा लौकिक वाढला. फरीदसाहेबांच्या वंशजांनी सतारमेकर हेच आडनाव लावले. मिरजेची सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.