शेवटच्या दिवसांतले हक्काचे घर : रोझ हॉथॉर्न



आपल्या मंडळात थोरांच्या जयंत्या-पुण्यतिथ्या आपण आवर्जून करतो. बहुतेक वेळा ती माणसे आपल्या ओळखीची, आपल्या भाषेतली असतात. आज मात्र आम्ही एका दूरदेशीच्या बाईंची ओळख करून देणार आहोत. रोझ हॉथॉर्न लेथ्रॉप त्यांचे नाव. ९ जुलै १९२६ रोजी त्या गेल्या, म्हणजे २०२६ च्या ९ जुलैला त्यांच्या निधनाला १०० वर्षे होतात. बऱ्या न होणाऱ्या रुग्णाला अखेरपर्यंत मायेने सांभाळणाऱ्या जागेला आज आपण हॉस्पिस म्हणतो. तशी जागा फक्त गरिबांसाठी आणि एक पैसाही न घेता चालवणाऱ्या पहिल्या काही माणसांत रोझबाईंची गणना होते.

रोझचा जन्म २० मे १८५१ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लेनॉक्स गावचा. वडील नथॅनिएल हॉथॉर्न हे तिथले नामवंत कादंबरीकार. ‘द स्कार्लेट लेटर’ ही त्यांची कादंबरी आपल्याकडेही इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना अभ्यासाला असते. रोझ दोन वर्षांची असताना वडिलांची लिव्हरपूल इथे अमेरिकेचे वकील म्हणून नेमणूक झाली आणि सारे कुटुंब इंग्लंडला गेले. तिथल्या निराधारांच्या आश्रयगृहाला वडिलांनी एकदा भेट दिली. अंगभर फोड आलेले, आजारी, मळके असे एक लहान मूल त्यांच्या मागेमागे फिरू लागले आणि उचलून घ्या म्हणून हात पुढे करू लागले. हॉथॉर्न स्वभावाने संकोची आणि टापटिपीचे. मनातून शिसारी आली, तरीही त्यांनी त्या मुलाला उचलले आणि जवळ घेतले. वडिलांच्या लेखनातली ही हकिगत रोझला पुढे फार मोलाची वाटे. तिचे पुढचे आयुष्य पाहिले की त्याचे कारण कळते.

सुख मात्र तिच्या वाट्याला बेताचेच आले. तेराव्या वर्षी वडील गेले, विसाव्या वर्षाच्या आत आईही गेली. १८७१ मध्ये लंडनला जॉर्ज पार्सन्स लेथ्रॉप या तरुण लेखकाशी तिचे लग्न झाले. १८७६ मध्ये मुलगा झाला, फ्रान्सिस. तो पाच वर्षांचाही झाला नव्हता, तोच १८८१ मध्ये घटसर्पाने गेला. पुढे मूल झाले नाही. नवरा दारूच्या आहारी गेला. संसार सावरायचे बरेच प्रयत्न झाले. १८९१ मध्ये दोघांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. पण १८९५ च्या सुमारास रोझबाई कायमच्या वेगळ्या राहू लागल्या. कविता आणि कथा लिहून त्यांनी थोडेफार नाव मिळवले होते. वय चव्वेचाळीस. मूल नाही, संसार नाही. अशा वेळी माणूस एक तर स्वतःत मिटून जातो, नाही तर दाराबाहेर पडतो. रोझबाई बाहेर पडल्या.

त्यांच्या मनात दोन बायका घर करून होत्या. एक त्यांची मैत्रीण, कवयित्री एमा लॅझरस. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या चौथऱ्यात जिची कविता पुढे बसवली गेली, तीच ही. एमा १८८७ मध्ये कॅन्सरने गेली. घर श्रीमंत होते, सेवेला माणसे होती, उपचारांत काही कमी पडले नाही. दुसरी बाई शिवणकाम करून पोट भरणारी. तिलाही कॅन्सरच झाला होता. जवळचे पैसे संपले आणि तिची रवानगी ब्लॅकवेल्स आयलंडवर झाली. न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीतल्या या बेटावर शहराचे तुरुंग, वेड्यांचे इस्पितळ आणि भिकाऱ्यांचे आश्रयगृह होते. कॅन्सर बरा होणार नाही असे ठरले की इस्पितळ रुग्णाला ठेवून घेत नसे, आणि ज्याला घरी ठेवणारे कोणी नाही त्याला शेवटी या बेटाचाच रस्ता असे. आजार एकच, पण एकीचा शेवट मायेच्या माणसांत झाला आणि दुसरीचा टाकून दिलेल्यांत. हा फरक रोझबाईंना सहन झाला नाही.

१८९६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या कॅन्सर हॉस्पिटलात सुमारे तीन महिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले. कॅन्सर स्पर्शाने पसरतो असा तेव्हा लोकांचा समज होता, आणि उघड्या जखमांना येणाऱ्या दुर्गंधीमुळे सख्खे नातेवाईकही खोलीत जायला कचरत. पहिल्या दिवसांत रोझबाईंनाही ते जड गेले. पण त्या टिकल्या. मग लोअर ईस्ट साइड या भागात त्यांनी भाड्याने खोल्या घेतल्या. आयर्लंड, जर्मनी, इटली, रशियाहून आलेल्या कष्टकऱ्यांची ती अतिशय दाट वस्ती. खोल्या स्वतः घासूनपुसून घेतल्या आणि शेजारपाजारच्या रुग्णांच्या घरी जाऊन त्या जखमा धुऊ लागल्या. थोड्याच दिवसांत ज्यांना घरच नव्हते अशा बायकांना त्यांनी आपल्या खोल्यांत आणून ठेवले.

लांबून दानधर्म करणारे तेव्हाही पुष्कळ होते. गरिबांमध्ये जाऊन त्यांच्यासारखे राहणारे थोडे. रोझबाईंना ठाऊक होते की माणसाला आजारापेक्षा जास्त दुखते ते समोरच्याने नाक मुरडणे. म्हणून त्यांच्या घराचे नियम ठरले. रुग्णाकडून किंवा त्याच्या नातेवाइकांकडून पैसे घ्यायचे नाहीत. ज्याला खर्च परवडतो त्याला इथे जागा नाही, कारण त्याला दुसरीकडे दार उघडे आहे. धर्म, वंश, देश विचारायचा नाही. जखम धुताना हातमोजे घालायचे नाहीत, चेहऱ्यावर किळस दिसू द्यायची नाही. रुग्णावर कसले प्रयोग होऊ द्यायचे नाहीत. आजच्या वैद्यकाला हातमोज्यांचा नियम पटणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण ज्या काळात लोक या रुग्णांना शिवायलाही तयार नव्हते, त्या काळात उघड्या हाताचा अर्थ फार मोठा होता.

काम वाढले तसे सोबतीही मिळाले. केंटकीहून आलेली अ‍ॅलिस ह्यूबर ही चित्रकार तरुणी थोडा वेळ मदत करावी म्हणून आली आणि जन्मभराची सहकारी झाली. पैशांसाठी रोझबाईंनी आपली लेखणी कामाला लावली. वर्तमानपत्रांत लेख लिहिले, मदतीची आवाहने केली, पुढे स्वतःचे मासिकही काढले. मार्क ट्वेनसारखा लेखक त्यांच्या मदतकर्त्यांत होता. १८९८ मध्ये जॉर्ज वारले. १८९९ मध्ये चेरी स्ट्रीटवर हक्काचे घर झाले. १९०० च्या डिसेंबरात दोघी मैत्रिणींनी डॉमिनिकन जोगिणींचा वेष घेतला आणि रोझबाई मदर मेरी अल्फोन्सा झाल्या. १९०१ मध्ये शहराबाहेर मोकळ्या हवेत ‘रोझरी हिल’ हे दुसरे घर उभे राहिले. त्या गावाला आज हॉथॉर्न हेच नाव आहे.

पुढची पंचवीस वर्षे रुग्णांच्या पट्ट्या बदलण्यात आणि पैशांची जुळवाजुळव करण्यात गेली. ‘रोझरी हिल’ची इमारत जुनी, लाकडी. आग लागली तर अंथरुणाला खिळलेल्यांचे काय, हा घोर त्यांना असे. नव्या पक्क्या इमारतीसाठी मदत मागणारी पत्रे लिहिता लिहिताच त्यांचे अखेरचे दिवस गेले. १९२५ मध्ये, वडील जिथे शिकले त्या बोडन कॉलेजने त्यांना सन्मानाची पदवी दिली. पुढच्याच वर्षी ९ जुलैला झोपेतच त्यांनी देह ठेवला. योगायोग असा की त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाची तारीखही तीच. त्यांची संस्था आजही चालू आहे, आणि आजही रुग्णाकडून किंवा सरकारकडून पैसे घेत नाही.

मंडळी, ही गोष्ट आम्ही इथे का सांगितली? आपल्याकडे कॅन्सरचे नाव अजूनही दबक्या आवाजात घेतले जाते. रुग्णाचे ताट-भांडे वेगळे ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत, आणि खरे सांगायचे तर त्यांतली काही आमचीच होती. दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. आपल्या घरातले कोणी आजारी पडले तर आपण धावपळ करतो, डॉक्टर गाठतो, रात्री जागतो. पण आपल्याकडे वर्षानुवर्षे धुणीभांडी करणाऱ्या मावशींना हाच आजार झाला आणि डॉक्टरांनी आता घरी घेऊन जा असे सांगितले, तर त्या कुठे जातात, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असते? रोझबाईंना छळणारी शिवणकाम करणारी बाई आपल्याही आळीत असते.

सुदैवाने वाट दाखवणारे आपल्याकडेही आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन हे भारतातले पहिले हॉस्पिस. त्याची शाखा आपल्या गोव्यात लोटलीला आहे. पुण्याला वारजे इथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे. दोन्हीकडे कॅन्सरच्या रुग्णांची सेवा विनामूल्य होते. गरज असलेल्या घरापर्यंत ही माहिती पोचवणे एवढे तरी आपल्याला जमण्यासारखे आहे.

या ९ जुलैला हार घालायला आपल्यापाशी रोझबाईंचा फोटो नसेल. त्याऐवजी ओळखीतल्या एखाद्या आजारी माणसाच्या उशाशी तासभर बसून यावे. त्याच्या घरचा चहा नाही म्हणू नये.